राजवाडा चालतो, एसटी चालत नाही

जुन्या काळात घडणारा हलकाफुलका प्रेमपट हा मराठी पडद्यावर अधूनमधून येणारा पाहुणा आहे. त्यात एक मुलगा असतो, एक मुलगी असते, मुलीचा बाप असतो आणि मोबाइल नसतो. मोबाइल नसल्यामुळे चिठ्ठी असते, चिठ्ठी असल्यामुळे ती भलत्याच्याच हाती पडते, आणि तेवढ्यावर अडीच तास निघतात. पुणे जिल्ह्याच्या पूर्व अंगाला शिरूर आणि दौंड हे तालुके आहेत. तिथे अशा चित्रपटांबद्दल जी मते तयार होतात त्यांचा मुख्य नियम असा: काळ जितका लांबचा तितका प्रेक्षक उदार, आणि काळ जितका जवळचा तितका तो कडक. राजवाड्याचा खांब चुकला तर कोणी चकार शब्द काढत नाही. एसटी चुकली तर तिकिटाचे पैसे परत मागण्यापर्यंत मजल जाते.

हा नियम तपासून पाहायला तीन चित्रपट पुरेसे आहेत. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरून सुजय डहाके यांनी केलेला ‘शाळा’ २० जानेवारी २०१२ रोजी प्रदर्शित झाला; त्यातला काळ आणीबाणीचा. रवी जाधव यांचा ‘टाइमपास’ ३ जानेवारी २०१४ रोजी आला. त्यातला काळ मोबाइल हातोहात पोचण्याच्या थोडा आधीचा. सुबोध भावे यांचा ‘संगीत मानापमान’ १० जानेवारी २०२५ रोजी आला. त्याचे मूळ नाटक काकासाहेब खाडिलकरांचे, १९११ सालचे. आणि गोष्ट त्याहून कितीतरी आधीची, म्हणजे नेमकी कधीची हे विचारायचे नसते.

तिन्ही चित्रपट जानेवारीत आले. निर्मात्यांनी त्यामागे काय विचार केला असेल तो असो, पण भीमा आणि घोड या नद्यांच्या काठी जानेवारी म्हणजे गळीत हंगामाचा मध्य. उसाला तोड आली की घरातला कर्ता पुरुष टोळी, ट्रॅक्टर आणि तोडीची चिठ्ठी देणारा चिठ्ठीबॉय या तिघांच्या मागे असतो. त्याच्या आयुष्यातली चिठ्ठी ती एवढीच, आणि तीसुद्धा वेळेवर मिळत नाही. त्यामुळे पहिल्या आठवड्यातली मते ही विद्यार्थी, नोकरदार आणि रांजणगाव व कुरकुंभच्या एमआयडीसीत पाळ्या करणारे यांची असतात. बागायतदाराचे मत पाडव्यानंतर, टीव्हीवर चित्रपट लागल्यावर येते. तोवर बाकीच्यांनी चित्रपट विसरलेला असतो, पण बागायतदाराला त्याची फिकीर नसते. तो आपले मत पूर्ण मांडतो.

हंगामाखेरीज विजेचाही मतावर परिणाम होतो. शेतीपंपाला रात्रीची लाइट असेल, तर दहाच्या सुमाराला उठून दारं धरायला जावे लागते, आणि हल्ली उसात बिबट्या असल्याने दोघांनी जावे लागते. असा प्रेक्षक चित्रपटाच्या पूर्वार्धावरच निकाल देतो. शेवट त्याला सकाळी दुसऱ्याकडून कळतो, आणि सांगणाराही बऱ्याचदा त्याच्याबरोबर बांधावर उभा असलेलाच असतो.

चित्रपट पाहायला जाण्याच्या वाटेचाही मताशी संबंध आहे. शिरूर पुण्यापासून सुमारे ६५ किलोमीटर आणि दौंड रेल्वेने सुमारे ७५. मल्टिप्लेक्स हवे असेल तर शिरूरकराने नगर रस्त्याने वाघोलीची गर्दी ओलांडायची आणि दौंडकराने गाडीत जागा मिळवायची. एवढे करून पाहिलेला चित्रपट वाईट आहे असे कबूल करणे जड जाते. पेट्रोल, पार्किंग आणि पॉपकॉर्न यांची बेरीज चारचौघांत सांगावी लागते. म्हणून पुण्यात जाऊन पाहिलेला चित्रपट सहसा ‘भारी’ असतो आणि तोच घरी टीव्हीवर पाहिला की ‘बरा’ असतो. मोबाइलवर फुकट पाहिला तर त्यात दोष सापडू लागतात. जाणकारांनी याची नोंद घेतलेली नाही, पण तिकिटाचा दर आणि दिलेली दाद यांचे प्रमाण इतके सरळ दुसरीकडे क्वचितच दिसते.

पूर्वी हा हिशेब नव्हता. जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की ट्रकमधून प्रोजेक्टर, पडदा आणि कनाती यायच्या, जमिनीवर पोते नाहीतर घोंगडी टाकून लोक बसायचे, आणि मत जागच्या जागी दिले जायचे. आवडले तर शिट्टी, नाही आवडले तरी शिट्टी, फरक लांबीचा. रीळ तुटले की त्या मधल्या काळात अख्खा तंबू समीक्षक व्हायचा. दादा कोंडके यांच्या चित्रपटांनी या प्रेक्षकाचे कान आणि हसू दोन्ही घडवले, आणि ते माप आजही वापरात आहे. विनोदी चित्रपट कितीही नाजूक, संयत वगैरे असला तरी साठीच्या पुढचा प्रेक्षक शेवटी विचारतोच, “दादांसारखा आहे का?” नसतो. तिथे विषय संपतो.

आता साक्षीदारांकडे वळायला हवे, कारण या प्रकारच्या चित्रपटाबद्दलची खरी मते त्यांचीच असतात. शिवकालीन चित्रपट पाहताना सभागृहात त्या काळचा कोणी हजर नसतो. ‘शाळा’ पाहताना मात्र १९७५ साली नववीत असलेले दहा-बाराजण तरी असतात, आणि आपण प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टीबद्दल दिग्दर्शकाने आपल्याला न विचारता चित्रपट काढला हे त्यांना मुळातच पटलेले नसते. त्यांची पहिली हरकत तब्येतीची असते. बहात्तरच्या दुष्काळाला जेमतेम तीन वर्षे झालेली. सुकडी आणि मिलोची लाल भाकरी खाऊन वाढलेली पिढी, आणि पडद्यावरच्या पोरांच्या गालावर एवढे तेज कुठून? चित्रपटातले गाव कोणते, तिथे दुष्काळ पडला होता का, हा प्रश्न गैरलागू मानला जातो. शिरूर-दौंडमध्ये पडला होता म्हणजे सगळीकडे पडला होता.

दुसरी हरकत वाहनांची. गाड्यांवरची ‘एमएच’ने सुरू होणारी क्रमांकमालिका १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतरची, म्हणजे १९८९ पासूनची, त्याआधी पाटीवर तीन अक्षरे असत. जुना काळ दाखवणाऱ्या कोणत्याही चित्रपटात मागे उभ्या स्कूटरच्या पाटीवर ‘एमएच १२’ दिसले, की नायिका त्या क्षणी काय बोलत होती हे पुढे कोणालाच आठवत नाही. दौंडच्या गाडीवर बारामतीचे ‘एमएच ४२’ असते. त्यामुळे पुण्याची चूक धरण्यात दौंडकराला जरा जास्तच समाधान मिळते. एसटीबाबत तर परीक्षा तोंडी आणि लेखी दोन्ही होते. कंडक्टरच्या हातात पत्र्याची तिकीटपेटी होती का? पंचचा टिकटिक आवाज येत होता का? तिकिटे कागदाची आणि वेगवेगळ्या रंगांची होती का? सुटे पैसे नसल्यास तिकिटामागे लिहून दिले का? नायकाने नायिकेशेजारी बसून चार गावे प्रवास केला आणि तेवढ्यात कंडक्टर एकदाही ‘पुढं सरका’ म्हणाला नाही, एवढ्यावर एक प्रेमप्रसंग साफ बाद झाल्याचे उदाहरण कोणत्याही पारावर ऐकायला मिळेल.

रेल्वेचा प्रसंग असेल तर दौंडचा शब्द अंतिम. दौंड हे जंक्शन. तिथे रेल्वेत नोकरी नसलेला माणूसही इंजिनाबद्दल नोकरीत असल्यासारखा बोलतो. जुन्या काळातल्या स्टेशनवर निरोपाचा प्रसंग चालू असताना वर विजेच्या तारा दिसल्या, की हरकत येते: “त्या वेळी तारा कुठनं आल्या?” पुणे-दौंड मार्गावर तारा २०१७ च्या सुमारास आल्या, त्यामुळे दौंडपुरती ही हरकत बरोबर आहे. पण प्रसंग मुंबई-पुणे मार्गावरचा असेल, तर तिथे १९३० च्या सुमारालाच विजेच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. हे सांगून पाहिले तर समोरचा क्षणभर गप्प बसतो आणि म्हणतो, “मग डब्याचा रंग चुकलाय.” पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन दौंडला वर्षानुवर्षे काढून उलट्या बाजूला लावावे लागे, आणि तेवढा वेळ प्रवासी फलाटावर चहा पीत. म्हणूनच हसवत चाललेली गोष्ट मध्यंतरानंतर एकाएकी रडवू लागली, की दौंडचा जाणता प्रेक्षक एवढेच म्हणतो, “इंजिन फिरवलं.” याहून नेमकी समीक्षा पुण्याच्या पुरवण्यांतही आलेली नाही.

साक्षीदार फक्त वस्तूंवर थांबत नाहीत. १९७५ ची त्यांची खरी आठवण म्हणजे ‘शोले’, ‘पांडू हवालदार’ आणि ‘जय संतोषी माँ’; हे तिन्ही त्याच सालचे. ‘जय संतोषी माँ’ला लोक चपला बाहेर काढून आत शिरत आणि पडद्यावर नाणी टाकत. त्या साली शाळकरी मुलगा प्रेमात पडला होता हे एकवेळ मान्य. पण त्याने सगळे लक्ष एका मुलीकडे लावावे हे कोणाला पटत नाही. एवढा रिकामा वेळ नववीतल्या पोराला मिळत होता तर गुरे कोण वळत होते, हाही प्रश्न निघतो. शिक्षकांचे मत यात वेगळे. त्यांच्या मते चित्रपटातल्या वर्गात पटसंख्या कमी दिसते, फळा फार स्वच्छ आहे, आणि एकाही शिक्षकाला जनगणनेला किंवा निवडणुकीला पाठवलेले नाही. ‘शाळा’ला २०११ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला, त्याने उलट नुकसानच झाले. पुरस्कार मिळाला म्हणजे शेवटी कोणीतरी मरणार, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या चित्रपटात कोणी मरत नाही हे कळल्यावर बरेचजण उशिरा पाहायला गेले.

‘टाइमपास’च्या वेळी साक्षीदार वयाने लहान होते आणि म्हणून जास्त आक्रमक. एसटीडी बूथवर रात्री अकरानंतर दर पाव होत असे, म्हणून प्रेम करणाऱ्यांना जागरण लागत असे; लाल आकड्यांचे मीटर पळू लागले की बोलणे अर्ध्यावर तुटत असे. हे सोसलेले लोक आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, पोटे सुटलेली आहेत आणि बायका शेजारी बसलेल्या आहेत. त्यामुळे त्यांची मते दोन असतात. चित्रपटगृहात ते म्हणतात, “आमच्या वेळी असलं काही नव्हतं.” बाहेर मित्रांत ते म्हणतात, “आमच्या वेळी याच्यापेक्षा भारी होतं.” दोन्ही विधाने एकाच माणसाची, मध्ये फक्त पार्किंग.

आमच्या वेळी असले काही नव्हते, या विधानाला इतिहासाचा आधार नाही हेही नोंदवायला हवे. आचार्य अत्र्यांनी लिहिलेला आणि मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेला ‘ब्रह्मचारी’ १९३८ चा. मीनाक्षी शिरोडकर त्यात पोहण्याच्या पोशाखात दिसल्या आणि महाराष्ट्रात एकच गदारोळ उठला. म्हणजे आजच्या आजोबांच्या वडिलांच्या वेळीही असले सगळे होते, आणि ते पाहायला रांगाही लागत होत्या. योगायोग असा, की ‘शाळा’तल्या नायिकेचे आडनावही शिरोडकरच आहे. हा योगायोग शिरूरमध्ये सांगितल्यावर पहिला प्रश्न येतो तो दोघी नात्यात आहेत का, हा.

‘टाइमपास’बद्दल सर्वांत चुरशीचा वाद बापाच्या बाजूने झाला. दिग्दर्शकाने नायिकेचा कडक बाप लेले, वैभव मांगले यांनी रंगवलेला, हसण्यासाठी ठेवला होता. दहावी नापास नायक दगडू सभागृहाचा लाडका व्हावा अशी योजना होती, आणि प्रथमेश परब यांनी ती पारही पाडली. चित्रपटाने त्या वेळचे कमाईचे विक्रम मोडले ते काही उगाच नाही. पण ज्यांच्या घरी वयात आलेली मुलगी होती असे प्रेक्षक हळूहळू लेल्यांच्या बाजूला सरकले. “माणूस जरा कडक आहे, पण चुकलं काय त्याचं?” असे म्हणणारे मध्यंतरात चहाच्या गाड्यावर एकत्र आले आणि त्यांचा वेगळा गट झाला. ज्यांच्या घरी मुलगा होता त्यांचे म्हणणे असे, की प्रेमाला विरोध नाही, पण आधी पुन्हा फॉर्म भरून दहावी काढून घ्यायला हवी होती. कॉलेजची मुले या वादात पडली नाहीत. त्यांनी संवाद पाठ केले आणि पुढची दोन वर्षे ते सर्वांना ऐकवले.

बायकांचे मत विचारले जात नाही, पण निर्णय तेच ठरते. चित्रपट पुन्हा टीव्हीवर लागला तर रिमोट कोणाकडे असतो हे सांगायला नको. त्यांचे निकष अधिक कठीण. साडीचा काठ त्या सालचा आहे का, दारात दुधाचे भांडे पितळी की स्टीलचे, स्टोव्हला पिन मारताना बाईचे कपाळ घामेजले का, रेशनच्या रॉकेलची रांग दाखवली का. पुरुषांनी पकडलेली पाटीची चूक त्यांच्या दृष्टीने पोरकटपणा असतो. स्वयंपाकघरात बाई पूर्ण चित्रपटभर असून चूल एकदाही पेटली नाही, ही खरी चूक. केतकी माटेगावकर यांच्याबद्दल तर एक स्वतंत्र हळहळ आहे. ‘शाळा’त नायिका त्याच, ‘टाइमपास’मध्येही त्याच, पंचाहत्तर सालीही जुळले नाही, मोबाइलच्या आदल्या काळातही जुळले नाही. यावर न्हावऱ्यापासून वरवंडपर्यंतच्या आत्याबाईंचे एकमत आहे: पत्रिका एकदा नीट दाखवून घ्यायला हवी होती.

या न जुळण्यावरूनच सर्वांत मोठी तक्रार उभी राहते. हलकाफुलका म्हणून बोलावायचे, हसवायचे आणि शेवटी दोघांना वेगळे करून दिवे लावायचे, हा प्रकार इथे फसवणुकीत मोडतो. ‘टाइमपास’चे पुढचे प्रकरण ‘टाइमपास २’मध्ये, १ मे २०१५ रोजी, मिटले. त्यावर अनेकांचे मत असे, की लग्न दुसऱ्या भागात लावायचे होते तर आहेरासारखे तिकीटही तेव्हाच घ्यायचे. आणि लग्न दाखवले तरी समाधान होतेच असे नाही. या भागातल्या लग्नात मुहूर्त बारा पस्तीसचा असतो, अक्षता दीडला पडतात, आणि मधला वेळ आजी-माजी सदस्य, चेअरमन आणि संचालक यांच्या शुभाशीर्वादाच्या भाषणांत जातो. चित्रपटातले लग्न तीन मिनिटांत उरकते, एकाचाही सत्कार होत नाही, निवेदक नाही, फेटे नाहीत. “मानपान नाही, मग लग्न कसलं?” हा आक्षेप कोणत्याही दिग्दर्शकाला आजवर खोडून काढता आलेला नाही.

मानपानाचा विषय निघाला म्हणून ‘संगीत मानापमान’ची गोष्ट. नाटकात श्रीमंत घरची भामिनी गरीब शूर धैर्यधराला आधी हिणवते आणि मग वेष बदलून त्याच्याच प्रेमात पडते. बालगंधर्वांची भामिनी आणि गोविंदराव टेंब्यांचे संगीत यांनी ते गाजवले. चित्रपटात संगीत शंकर-एहसान-लॉय यांचे. इथे प्रेक्षक उदार झाला तो कायमचा. महाल कोणत्या राज्याचा, दागिने कोणत्या शतकातले, झुंबर तेव्हा होते का, यातले कोणीही काही विचारले नाही. गाणी फार आहेत असे काहीजण म्हणाले. त्यावर, संगीत नाटकाला गाणी मोजायला आला होतास का, असे त्यांना विचारण्यात आले.

अशा राजेरजवाड्यांच्या चित्रपटांत फक्त घोडा तपासला जातो. शिरूर तालुका बैलगाडा शर्यतीचा. घाटात बारी सुटली की बैलांच्या पुढे घोडी पळवावी लागते आणि तो स्वार जिवावर उदार होऊनच बसलेला असतो. शर्यतीवरची बंदी डिसेंबर २०२१ मध्ये उठल्यापासून घाट पुन्हा भरू लागले, म्हणजे या विषयातले तज्ज्ञ पुन्हा सरावात आले. नायक घोड्यावर बसून प्रेमाचे गाणे म्हणू लागला, की मागच्या रांगेतला घोडीवाला पुढे वाकतो. त्याची नजर नायकाच्या ओठांवर नसते. लगाम धरलेल्या बोटांवर, रिकिबीतल्या टाचेवर आणि घोड्याच्या कानांवर असते. कान मागे पडले म्हणजे जनावर वैतागले आहे. “घोड्याला गाणं आवडलेलं नाही,” एवढा शेरा मारून तो परत मागे टेकतो. दुसरे तज्ज्ञ लावणीचे. चौफुल्याची कलाकेंद्रे दौंड तालुक्यात आणि कवठे येमाईसारखे तमाशाशी जुने नाते असलेले गाव शिरूर तालुक्यात असल्याने, पडद्यावर घुंगरू वाजले की पायांचा हिशेब ठेवणारे लोक जागोजाग असतात. नाचणारीचा चेहरा दाखवून पाय न दाखवणारा कॅमेरामन त्यांच्या मनातून कायमचा उतरतो.

अंतिम मत मात्र फार थोड्या शब्दांत दिले जाते. एवढ्या हरकती, एवढे पुरावे मांडून झाल्यावर कोणी विचारले, “मग बघावा का?” तर उत्तर ठरलेले असते: “एकदा बघायला हरकत नाही.” हे प्रशस्तिपत्रक समजावे. नापसंती असेल तर “तुला वेळ असेल तर बघ” असे म्हणतात, आणि अगदीच टाकाऊ असेल तर कांद्याचा भाव विचारतात.

जुन्या काळातला पुढचा प्रेमपट लिहायला घेणाऱ्यांना एवढीच विनंती, की चित्रीकरणाच्या आधी एकदा शिरूरच्या स्टँडवर किंवा दौंडच्या फलाटाबाहेर चहाला यावे. येताना एसटीचा फोटो सोबत आणावा. चहाचे पैसे समोरचाच देईल. दुपार मोकळी ठेवूनच निघावे.